धाकटा बरा आहे

पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: मी. मी, मी, मी, मी. उजवीकडे तारखेच्या रकान्यात तितक्याच वेळा: आज. रविवारची दुपार, जेवणं उरकलेली, बाबा शेजारच्या खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसलेले, आणि बाबांच्या इतक्या वर्षांच्या मेल जुन्या प्रोग्रॅममधून नव्यात एकदाच्या आल्या होत्या. हिरवी पट्टी रखडत रखडत टोकाला गेली, खिडकी मिटली, दुसरी उघडली, आणि मला काही कळायच्या आत छातीत कुणीतरी बोट खुपसल्यासारखं झालं. नव्या प्रोग्रॅमची रीतच ती. ज्याचं खातं त्याच्या नावाऐवजी तो सरळ 'मी' लिहितो. जुना बिचारा बाबांचं नाव पुरतं लिहायचा, आडनावासकट. आणि तारखांचं म्हणाल तर सगळं इकडे आणताना कुठल्याशा चौकोनात खूण करायची माझी राहून गेली असणार, त्यामुळे मेल इथे पोचली तोच तिचा दिवस धरला गेला होता. हे सगळं मला माहीत होतं, निदान दोन मिनिटांत मी ते स्वतःला समजावलं. पण समजावून छाती ऐकेना. कारण त्या सगळ्या मेल मी टाइप केल्या होत्या, एकूण एक, आणि त्यांतलं एक अक्षर माझं नव्हतं.

"सगळी आली का?" बाबांनी विचारलं. ते मेलला पत्रच म्हणतात.

"आली, बाबा."

"नीट बघ. एकही गहाळ होता कामा नये."

"नाही झालं. सगळी आहेत. फक्त तारखा चुकल्यात, त्या लावतो."

"चुकतील कशा? तारीख मी प्रत्येक वेळी सांगितलेली आहे."

बाबांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. म्हणजे समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. माणसाकडे बघायचं तर ते मान वळवून भलतीकडेच बघतात, आणि नवख्याला वाटतं म्हातारा आपल्याला मोजतच नाही. वाचणं तर संपलंच. पण आमच्या घरातला हा पायंडा डोळ्यांमुळे पडला असं मात्र कुणी समजू नये. डोळे धड होते तेव्हाही बाबांनी स्वतःच्या हातानं कधी पत्र लिहिलं नाही. जन्मभर एका मोठ्या कचेरीत अधीक्षक होते. समोर लघुलेखक बसायचा आणि बाबा येरझारा घालत सांगायचे. निवृत्त झाले, कचेरी सुटली, लघुलेखक सुटला. सांगणं कुठलं सुटायला? त्याच सुमारास दादा समुद्रापलीकडे गेला, तिकडेच राहिला, आणि रिकाम्या झालेल्या त्या जागेवर माझी नेमणूक झाली. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी काही अर्ज केला नव्हता. दर रविवारी जेवणानंतर बाबा म्हणायचे, "घे," आणि मी घ्यायचो. "चिरंजीवास अनेक आशीर्वाद, पूर्णविराम. तुझं पत्र पोचलं, स्वल्पविराम, मजकूर समजला, पूर्णविराम." विरामचिन्हांसकट, संथ, एकेक वाक्य तोलून. बोटांचा आवाज थांबला की पुढचं वाक्य. सगळं झालं की, "वाचून दाखव." मग मी वाचायचो. अगदी सपाट आवाजात, कारण आवाज जरा वरखाली झाला की बाबा म्हणायचे, "नाटक नको." सुरुवाती-सुरुवातीला एकदा मी धीर करून म्हणालो होतो, "बाबा, हे वाक्य दादाला लागेल." त्यावर रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "टाइपरायटरला मत नसतं." मध्यंतरी दादानं सुचवूनही पाहिलं, की हल्ली यंत्राला नुसतं सांगितलं की तेच लिहून घेतं, धाकट्याला कशाला बसवता? बाबांनी ते उडवून लावलं. यंत्राचा काय भरवसा, म्हणाले, मधेच स्वतःचं काही घुसडेल. माझ्याबद्दल त्यांना ती भीती नव्हती आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

तारखा लावता लावता मी वर गेलो, खाली आलो. जुन्या प्रोग्रॅममध्ये मेल वर्षावर्षांच्या कप्प्यांत होत्या. मीच लावले होते ते कप्पे. एक उघडला की तेवढंच वर्ष दिसायचं, बाकीची मिटलेली. माणसाचं जगणं त्यामुळेच तर जमतं, एका वेळी एक कप्पा. नव्या प्रोग्रॅमनं सगळे कप्पे उपसून एकाच ढिगात ओतले होते आणि ढिगावर आजची तारीख टाकली होती. आज दादा विमानात बसला. आज त्याला मुलगी झाली. आज आमच्या जिन्याचा कठडा मोडला, आज तो दुरुस्त झाला, आज बाबांना रस्त्याच्या दिव्याच्या जागी पोकळी दिसायला लागली. शोध चालतो का ते बघावं म्हणून मी वरच्या चौकटीत एक शब्द टाकला. दुसरा कुठलाही टाकता आला असता. मी 'धाकटा' टाकला. पडदा पिवळा झाला. प्रत्येक मेलच्या बुडाशी, आशीर्वादाच्या आधी, तेच वाक्य पिवळ्या पट्ट्यात उभं राहिलं: धाकटा बरा आहे. धाकटा बरा आहे. धाकटा बरा आहे. खाली लिहिलेलं, आणखी दाखवा. मी आणखी दाखवलं. आणखी तेच.

मला हसू आलं, खरंच आलं. एखाद्या शाळकरी पोराला शिक्षा म्हणून पाटीभर लिहायला लावावं तसं मी स्वतःबद्दल हे वाक्य लिहीत आलो होतो, आणि शिक्षा कशाची ते विचारायचं राहून गेलं होतं. कुठल्या रविवारी काय होतं ते मला वाक्याच्या शेजारी दिसायला लागलं. हा रविवार तापाचा. दात वाजत होते, अक्षरं नाचत होती, बाबा म्हणाले, "धाकटा बरा आहे, पूर्णविराम," आणि मी पूर्णविराम दिला. हा रविवार तिचा. चष्म्याच्या दुकानात होती ती, चष्म्याच्या काड्या वाकवून गिऱ्हाइकाच्या कानावर बसवून बघायची, आणि माझ्या कानामागे बोट लावून म्हणाली होती, "तू घरी विचारणार कधी? का आधी टाइप करून घेणार?" तिनं पुष्कळ वाट पाहिली. मग नाही पाहिली. त्या रविवारी मी जेवलो नव्हतो, बाबांच्या ते लक्षातही आलं असेल, त्यांनी पत्रात त्या आठवड्याची थंडी सविस्तर सांगितली. आणि शेवटी मी बरा होतो. माझ्या कामाचा उल्लेख एकदाच सापडला. दातांच्या कवळ्या करतो मी, डॉक्टरांकडून साचे येतात, त्यावर मेण, मेणावर दात, मग गुलाबी हिरडी. बाबांनी लिहिलं होतं, म्हणजे मी लिहिलं होतं, 'दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमचा धाकटा दात घडवून भरतो.' दादानं उलट मेलमध्ये तीन ओळी हसण्याच्या खुणा पाठवल्या होत्या. त्या मी बाबांना वाचून दाखवल्या होत्या: "दादा हसला आहे." किती, त्यांनी विचारलं होतं. पुष्कळ, मी म्हणालो होतो.

एक मेल मला उघडायची नव्हती. ढीग खालीवर करताना ती येणार हे माहीत होतं, म्हणून मी बोट जपून चालवत होतो, आणि जपून चालवलेलं बोटच नेमकं पडतं. 'तुझी आई काल सायंकाळी गेली.' बाबा त्या दिवशी बसले नव्हते, खिडकीशी उभे होते, पाठमोरे. आवाज नेहमीचाच. "तुझी आई काल सायंकाळी गेली, पूर्णविराम." मी 'तुझी' टाइप केलं. मग 'आई' टाइप केलं. 'तुझी' या शब्दावर माझी बोटं क्षणभर तरी अडायला हवी होती, पण ती तरबेज होती, अडली नाहीत. बाबांनी पुढे तिच्या शेवटच्या चार दिवसांचा वृत्तांत सांगितला, क्रमानं, कुठेही न चुकता, आणि तिनं शेवटी दादाचं नाव घेतल्याचं सांगितलं. ते खरं होतं. माझं नाव घ्यायचं कारण नव्हतं, मी उशाशीच होतो. मग "वाचून दाखव" झालं. मी वाचलं. एकदाही न थांबता, एखाद्या परक्या घरातली बातमी वाचावी तसं. आणि आज, या घटकेला, पडद्यावर त्या मेलच्या कपाळावर 'मी' आणि 'आज' पाहताना माझं बोट 'तुझी' या शब्दावर अडलं. इतक्या वर्षांनी. मला खूप वाईट वाटलं. आईचं वाटलं, आणि त्या टाइप करणाऱ्या मुलाचंही वाटलं.

"थांबलास का?" बाबा म्हणाले.

"नाही. तारखा लावतोय."

खरं तर मला वेळ नव्हता. मला दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टरला उत्तर द्यायचं होतं. प्लास्टर म्हणजे आमच्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेतला माझा जुना सोबती. पहिल्याच दिवशी पोतंभर प्लास्टर अंगावर ओतून घेतलं म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. त्यानं दुसऱ्या शहरात, दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर, स्वतःची प्रयोगशाळा काढली आहे. "अरे, मला हात हवेत, आणि तुझ्यासारखे हात मला दुसरे माहीत नाहीत," तो फोनवर म्हणाला होता. "निम्मी तुझी. पाटीवर नाव तुझंही. पण सोमवारी सकाळपर्यंत हो किंवा नाही सांग बाबा, टांगून ठेवू नको. माझ्याकडे दुसरा माणूस तयार बसलाय." मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की आठवडाभर मेणाचा वास आला तरी तिकडचाच वाटायचा. आणि व्यवस्था होत नव्हती असंही नाही. खालच्या मजल्यावर मावशी राहते, आईची धाकटी बहीण. बाबांचं जेवणखाण, औषधं, सगळं तीच बघते. तिला मी सांगितलं तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग जा की! तुझा बाप काय तुझ्या बोटांवर जगतो का?" मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. घोडं अडलं होतं ते बाबांना सांगण्यापाशी. कामावर, टेबलावर मांडलेल्या कवळ्यांसमोर मी फाडफाड बोलायचो. बाबा, मी जातोय. बाबा, माझं वय बघा. कवळ्या आ वासून ऐकायच्या. घरी येऊन जिना चढलो, बाबांची ती वळलेली मान पाहिली, की तोंडातून शब्द फुटायचा नाही. मंगळवारी मी "बाबा" एवढं म्हणालो होतो. ते म्हणाले, "काय?" मी म्हणालो, "काही नाही, दिवा लावू का?" दिवसाउजेडी.

"पुरे आता," बाबा म्हणाले. "घे. नवं चालतंय का बघू."

मी कोरी मेल उघडली. खोलीत त्या नव्या पडद्याचा निळसर उजेड होता, खिडकी बंद होती, आणि मला खिडकी उघडावीशी वाटली. पण बाबांनी सुरुवात केली होती. आशीर्वाद झाले. हवा झाली. रक्तदाब झाला. जिन्यातला दिवा गेला आणि पहारेकरी दोन वेळा सांगूनही बदलत नाही, हे झालं. दिव्याच्या पूर्णविरामावर बाबा थोडे जास्त थांबले, एवढंच मला नंतर आठवलं. "धाकट्याला त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून परगावी बोलावणं आलेलं आहे, पूर्णविराम."

बोटांनी ते टाइप केलं. बोटांचं झालं आणि मग ते माझ्यापर्यंत पोचलं.

"तो कामावर गेलेला असताना त्या गृहस्थांचा फोन घरी आला होता, स्वल्पविराम, तो मीच घेतला, पूर्णविराम. धाकट्यानं मला याबाबत अद्याप काहीही सांगितलेलं नाही, स्वल्पविराम, यावरून तो जाणार नाही हे उघड आहे, पूर्णविराम. धाकटा बरा आहे, पूर्णविराम."

मी सगळं टाइप केलं. कुणाला खोटं वाटेल, पण मी एक अक्षर न चुकता सगळं टाइप केलं. म्हणजे आठवडाभर हा माणूस समोर बसून जेवत होता. मी 'बाबा' म्हणून अडखळलो तेव्हा त्याला माहीत होतं, आणि त्यानं 'काय' म्हणून विचारलं होतं. मी मूग गिळून होतो ते मला माहीत होतं. बाबांनीही ते गिळलेत हे कुठे माहीत होतं? राग आला. असा राग मला येत नाही, तो कुठून सुरू होतो तेही मला धड कळलं नाही. मनगटं गरम झाली. माझा निकाल लागला होता, कागदपत्रांवरून, माझ्याच हातानं नोंदवून घेऊन. आणि त्यातलं सगळ्यात वाईट हे की निष्कर्ष बरोबर होता. मी काही सांगितलं नसतंच. सोमवारी सकाळी प्लास्टरला 'अरे, जमत नाही रे' म्हणालो असतो आणि पुढच्या रविवारी बरा असतो. पिवळ्या पट्ट्यात आणखी एक, मग आणखी एक, दाखवत जाल तितके. मी शेवटचं वाक्य पुसलं. त्याच्या आधीच्या वाक्याचं अर्धं पुसलं. आणि टाइप केलं.

"मी पूर्णविराम दिला होता," बाबा म्हणाले. "आवाज कसला?"

"दुरुस्ती करतोय."

"वाचून दाखव."

मी वाचत गेलो. आशीर्वाद, हवा, रक्तदाब, दिवा, बोलावणं, फोन. आवाज सपाट. "धाकट्यानं मला याबाबत अद्याप काहीही सांगितलेलं नाही. धाकटा बुधवारी जातो आहे."

बाबांनी मान वळवून भिंतीकडे केली. म्हणजे ते माझ्याकडे बघत होते. मी पडद्याकडे बघत राहिलो. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो टुंई टुंई आवाज बराच वेळ येत राहिला आणि मग बंद झाला. बाबांचा अंगठा गुडघ्यावर वरखाली घासत होता, मला तो कधी असा दिसला नव्हता. मग त्यांनी घसा साफ केला.

"'जातो आहे' नको," ते म्हणाले. "'मी त्याला बुधवारी पाठवतो आहे', असं कर. बरं दिसतं."

मी तसं केलं. पाठवलं. मेल सुर्रकन निघून गेली. मला जायला मिळालं होतं. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल कुठेतरी खाली, पण वर आला तो वेगळाच प्रकार. मी जिंकलो होतो आणि माझ्या हातात काही नव्हतं. जायचं ठरलं तेही सांगितलेलं लिहून घेऊन, विरामचिन्हांसकट. बुधवारी मी गाडीत बसेन ते बाबांच्या वाक्यात बसेन, तिकडे पोचेन ते त्यांच्या वाक्याच्या शेवटी उतरेन, आणि प्लास्टरच्या प्रयोगशाळेत, कोऱ्या टेबलापाशी, 'पाठवलेला' म्हणून उभा राहीन. बाबांनी वाईट केलं असंही म्हणवेना. पाठवणाऱ्याला, मुलगा सोडून गेला असं म्हणावं लागत नाही. एवढं एकच वाक्य त्या म्हाताऱ्याला स्वतःसाठी हवं होतं, आणि ते त्यांनी घेतलं. कळत होतं मला. कळूनही भिंती जवळ आल्यासारख्या वाटत होत्या.

"आता त्या तुझ्या मित्राला," बाबा म्हणाले.

"त्याला मी लिहितो, बाबा. नंतर."

"नंतर कशाला? हातासरशी होऊन जाऊ दे. घे."

मी कोरी मेल उघडली. बोटं आपोआप जागेवर गेली.

"महोदय, स्वल्पविराम. आपल्या निरोपानुसार मी बुधवारी आपल्याकडे रुजू होत आहे, पूर्णविराम." ते थांबले. बोटांचा आवाज संपेपर्यंत थांबायची त्यांची सवय. पण संपायला आवाज सुरूच झाला नव्हता. माझी बोटं अक्षरांवर होती आणि दबत नव्हती. मी ती दाबत नव्हतो. बाबा थांबून राहिले. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं, मला दिसत होतं. ते तिथेच राहिलं. यंत्र चालू आहे की बंद, हे ओळखायला त्यांना डोळे कधीच लागले नव्हते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"वाचून दाखव," ते म्हणाले, आणि हे म्हणायला त्यांना खूप वेळ लागला.

पडदा कोरा होता. मी त्याच्याकडे बघत वाचायला लागलो. "प्लास्टर, मी येतो. मला यायचंय. बाबांना सोडून येताना जीव घाबरा होतोय, ते एकटे बसलेले डोळ्यांसमोर येतात, पण मला यायचंय. कुणी पाठवतंय म्हणून नाही. मला कधीपासूनच कुठेतरी जायचं होतं, आणि मी ते कुणाला म्हणालो नाही." आवाज मधेच फाटला. तो मला नीट करता आला नाही, आणि मी केलाही नाही.

"यातलं एकही वाक्य मी सांगितलेलं नाही," बाबा म्हणाले.

"नाही."

"बरं." ते टेबलाची कड चाचपत उठले. खांद्याला हात लावतील असं मला वाटलं; हात खुर्चीच्या पाठीला लागला आणि तसाच थोडा वेळ राहिला. "मग खाली नाव तुझंच घाल," ते म्हणाले, आणि सावकाश पावलं टाकत आतल्या खोलीत गेले. दार लावलं नाही.

मी टाइप करायला घेतलं. पहिलं वाक्य झालं. पूर्णविराम दिला, आणि सवयीनं पुढचं ऐकायला थांबलो. आतून काहीच आलं नाही.